मावशी, मी पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का?

प्रिय मावशी,
प्रभूमध्ये सलाम. माझं माहेर नगरचं, सासर पुण्याचं, दोन्हीकडची मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. माझी लेक पाच महिन्यांची आहे. नाताळाच्या आत तिचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून सासूबाई मागे लागल्या आहेत. ‘बाळाचं काही बरंवाईट झालं तर?’ असं त्या म्हणतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. दीड वर्षापासून मी मैत्रिणीबरोबर एका सहभागितेत, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती गटात, जाते. तिथे सांगतात की तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे. स्वतः विश्वास ठेवून, बुडवून घेतला तरच तो खरा. पुढच्या महिन्यात नदीवर बाप्तिस्मा आहे आणि यादीत माझं नाव घातलंय. आणखी एक सांगते. गेल्या वर्षी माझे पप्पा गेले. आम्ही सगळ्यांनी उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली. ते गेल्यावर तिथले एक ब्रदर मला म्हणाले, ‘सिस्टर, तुमचा विश्वास लहान मुलासारखा असता तर ते उठले असते.’ तेव्हापासून मला प्रार्थनाच करवत नाही. डोळे मिटले की ते वाक्य ऐकू येतं. लेकीला बाप्तिस्मा द्यायचा तर आधी माझा तरी खरा आहे का? मी काय करू?
— एक आई, पुणे

प्रिय मुली,
सलाम. तुझं पत्र तीन दिवस माझ्या पवित्र शास्त्रात ठेवलं होतं. तू विचारलंस बाप्तिस्म्याचं, पण मी सुरुवात तुझ्या पप्पांपासून करणार आहे. ते दुखणं तसंच ठेवून पाण्याबद्दल कितीही बोललं तरी तुला ऐकू येणार नाही.

तुझे पप्पा तुझा विश्वास कमी पडला म्हणून गेले नाहीत. ते वाक्य चुकीचं होतं, आणि बापाच्या मातीवरून परतलेल्या लेकीला ते ऐकवणं हे पाप होतं. मी शब्द जपून वापरते, तरीही हाच शब्द वापरते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेतली रात्र आहे, ती पुन्हा वाच. तिथे येशू देवाला ‘अब्बा’ म्हणतो. हा घरातला, जवळिकीचा शब्द. शुभवर्तमानांमध्ये तो मूळ रूपात फक्त याच एका ठिकाणी आला आहे. आणि तो शब्द उच्चारून येशू काय मागतो? हा प्याला माझ्यापासून दूर कर. लेकरानं बापाजवळ मागावं तसं त्यानं मागितलं. प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्यानं मोठ्यानं विचारलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आता सांग, त्याचा विश्वास कुठे कमी पडला? ज्यानं आपल्याला लेकरांसारखं व्हायला सांगितलं, त्याची स्वतःची लेकरासारखी प्रार्थना अशी गेली. मग तुझ्या रात्र रात्रभरच्या प्रार्थनेला कोणी नापास करावं? तू पप्पांसाठी मागितलंस तेव्हा तू लेकरूच होतीस. आता प्रार्थना होत नाही, नुसती घुसमट होते, तरी तू लेकरूच आहेस. रुसलेलं मूल पाठ फिरवून बसतं, पण ते घरातच बसलेलं असतं.

लहान मुलासारखा विश्वास याचा आपण फार गोडगोड अर्थ करून ठेवलाय. मी पस्तीस वर्षं संडे स्कूल घेतलं. मुलं निरागस असतात हे ज्यांना वाटतं, त्यांनी एका खडूच्या डब्यावरून सहा जणांची मारामारी पाहिलेली नसते. मुलं शंका घेत नाहीत हेही खोटं. नोहाच्या तारवात वाघानं शेळीला खाल्लं कसं नाही, इथपासून आजी मेली तेव्हा देव झोपला होता का, इथपर्यंत सगळं मला मुलांनीच विचारलंय. प्रेषित पौलानंही करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं की वाईटपणाच्या बाबतीत तान्ही व्हा, पण समजुतीच्या बाबतीत पोरकट राहू नका. म्हणजे डोकं बंद ठेवण्याला तो विश्वास म्हणत नव्हता.

मग येशूला मुलांमध्ये काय दिसलं? मार्काचा दहावा अध्याय एका बैठकीत वाच, आपण त्याचे तुकडे करून वाचतो म्हणून ते निसटतं. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, येशू रागावतो आणि मुलांना कवेत घेतो. लूक हीच गोष्ट सांगताना जो ग्रीक शब्द वापरतो तो तान्ह्या बाळांचा आहे. त्या काळी मुलाला चारचौघांत काही किंमत नव्हती, म्हणून तर शिष्यांना ती अडगळ वाटली. मुलं स्वतःहून आलीही नव्हती, त्यांना कोणीतरी उचलून आणलं होतं. लगेच पुढे एक श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू? त्यानं तरुणपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेल्या असतात. त्याचे हात भरलेले आहेत आणि तो खिन्न होऊन परत जातो. बाळांचे हात रिकामे होते आणि ती कवेत होती. मला वाटतं, मार्कानं या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या त्या मुद्दामच.

याच अध्यायात थोडं पुढे याकोब आणि योहान मानाच्या जागा मागतात, तेव्हा येशू विचारतो की मी पिणार तो प्याला तुम्हाला पिता येईल का, मी घेणार तो बाप्तिस्मा तुम्हाला घेता येईल का. इथे बाप्तिस्मा म्हणजे त्याचं मरण. आणि प्याला तोच, गेथशेमानेतला. लेकरू, प्याला, बाप्तिस्मा ही तिन्ही अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. पौल रोमकरांना लिहितो की ख्रिस्तात बाप्तिस्मा झालेले आपण त्याच्या मरणात बाप्तिस्मा घेतला आहे, त्याच्याबरोबर पुरले गेलो आहोत. तेव्हा ज्यांनी तुला सांगितलं की खरा विश्वास असला की मरण टळतं, त्यांनी बाप्तिस्म्याचाच अर्थ सोडून दिला. मरणातून तो आपल्याला धरून नेतो, हे त्या पाण्याचं वचन आहे. तुझ्या पप्पांना त्यानं तसं धरलं आहे, असं मी मानते.

माझी एक आठवण सांगते. आमचं शेत राहुरीच्या बाजूला, तिथे पायऱ्यांची मोठी विहीर. उन्हाळ्यात सगळी पोरं त्यात पोहायला शिकायची. मी सात वर्षांची असेन. वडील पाण्यात उभे राहून म्हणाले, मार उडी, मी आहे. माझ्या भावानं मारली. मी काठावर बसून विचारत राहिले, किती खोल आहे, साप आहे का, तुम्ही सोडणार नाही ना? आणि रडत राहिले. शेवटी वडील ओल्या अंगानं पायऱ्या चढून वर आले, मला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात उतरले. मी त्यांच्या गळ्याला मिठी मारली होती, पण ती सुटली असती तरी मी बुडाले नसते, कारण माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. भावानं उडी मारली तोही त्यांच्याच हातात पडला. मला त्यांनी वर येऊन नेलं. पाणी एकच होतं आणि बापही तोच.

आता तुझ्या बाप्तिस्म्याकडे येते.

तुझ्या सहभागितेतल्या लोकांचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. नव्या करारात अमुक एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाला असं स्पष्ट वाक्य कुठेही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तिचं घराणं आहे, फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी आणि त्याची सगळी माणसं आहेत, त्यांचा तर मध्यरात्रीच झाला. त्या घरांत बाळं असतील असं आपण म्हणतो, तिथे तसं लिहिलेलं नाही. येशूनं मुलांना कवेत घेतलं तेव्हाही त्यानं त्यांना आशीर्वाद दिला, बाप्तिस्मा नव्हे. सन २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन मुलांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाका असं सांगत होता. यावरून एवढं कळतं की त्या काळी मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता आणि तेव्हाही सगळ्यांचं एकमत नव्हतं. पुढे १५२५ साली झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी विश्वासानं बाप्तिस्मा घेतला आणि त्यासाठी जीव दिले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी तिथल्या लिमात नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्म्यासाठी त्याला त्याच पाण्याची शिक्षा दिली, आणि देणारेही ख्रिस्तीच होते. ज्यांनी ही किंमत मोजली त्यांच्या वारसांना मी हलक्यानं घेत नाही. बुडवण्यात पुरलं जाण्याची आणि उठण्याची खूण जास्त ठसठशीत दिसते, हेही मी मोकळेपणानं मान्य करते.

पण पाणी किती, यावर बाप्तिस्मा खरा-खोटा ठरत नाही. ‘दिदाखे’ नावाची फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तिच्यात म्हटलंय की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट पाण्यात, आणि तेवढंही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं डोक्यावर तीनदा पाणी ओता. नाव महत्त्वाचं होतं, हंडे मोजणं नाही.

आणि खरा प्रश्न पाण्याचा नाहीच. तो असा आहे की बाप्तिस्मा हे काम कोणाचं? ते माझं देवाला दिलेलं वचन असेल, तर माझं वचन जेवढं पक्कं तेवढाच माझा बाप्तिस्मा पक्का. मग आज नदीवर घेतलेला बाप्तिस्माही दहा वर्षांनी, दुसरं कोणी गेल्यावर, पुन्हा खोटा वाटू लागेल. ‘त्या वेळी माझा विश्वास पुरेसा होता का?’ या प्रश्नाला तळ नाही. पण बाप्तिस्मा हे देवाचं मला दिलेलं वचन असेल, तर ते तुझ्या तान्हेपणी दिलं काय आणि आज दिलं काय, देणारा तोच आहे. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर आला तेव्हा स्वर्गातून शब्द आला की तू माझा प्रिय पुत्र. मार्काच्या शुभवर्तमानात तोवर त्यानं एकही चमत्कार केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही. आधी प्रिय म्हटलं, काम नंतर. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ सालच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत लिहिलं की पाप आणि मन बोचू लागलं की आपण म्हणावं, पण माझा बाप्तिस्मा झाला आहे! माझा विश्वास भक्कम आहे असं म्हणा, हे त्यानं सांगितलं नाही. तुला रात्री ते ब्रदरचं वाक्य ऐकू येतं ना, तेव्हा हे म्हणून बघ. मोठ्यानं म्हण.

म्हणून माझं स्पष्ट मत: नदीवर जाऊ नकोस. त्रैक्य देवाच्या नावानं तुझा बाप्तिस्मा झाला आहे. प्रभुभोजनाच्या विधीत आपण पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा मानतो असं म्हणतो, ते उगाच नाही. सहभागितेतले लोक तुला प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय दाखवतील, इफिसच्या शिष्यांना पौलानं पुन्हा बाप्तिस्मा दिला तो. ते नीट वाच. त्या लोकांचा आधी झालेला बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. तुझी गोष्ट ती नाही. तुझा बाप्तिस्मा झालेलाच नसता, तर मी स्वतः टॉवेल घेऊन नदीवर आले असते.

मंडळीत चर्चा होते तेव्हा मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज इथे झाला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. त्याच दिवशी त्यांच्या लेकीचा, मनोरमेचाही झाला. ती अडीच वर्षांची होती. एक संस्कृत शास्त्रांत मुरलेली बाई आणि एक बोबडं बोलणारी पोर, एकाच दिवशी त्याच पाण्याशी आली. रमाबाई काही निमूट मान डोलावणाऱ्या नव्हत्या. ख्रिस्ती सिद्धांतांवरून त्यांनी तिथल्या सिस्टरशी पत्रांतून किती वाद घातला! आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. पाणी आधी आलं आणि उमज मागून आली. लक्ष्मीबाई टिळकांचं उलटं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या उन्मळून पडल्या. त्यांना स्वतःला पटायला पाच वर्षं लागली आणि मगच १९०० साली त्यांनी घेतला. कोणी त्यांचं नाव परस्पर यादीत घातलं नव्हतं.

तुझं घातलंय, हे मला खटकलं. सहभागितेच्या पुढाऱ्यांना जाऊन सांग की माझं नाव काढा. मैत्रिणीशी भांडू नकोस. पप्पांच्या आजारपणात दवाखान्यात जागायला तीच आली असेल, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

आता लेकीचं. सासूबाईंना जी भीती वाटते, ती आधी प्रेमानं दूर कर. बाप्तिस्म्याआधी मूल गेलं तर देव त्याला टाकेल, असा आपला देव नाही. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा कुठे मिळाला होता? तरी त्याला आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं ऐकायला मिळालं. भीतीपोटी बाळाला बाप्तिस्मा देऊ नये. गंडा बांधतात तसं पाण्याचं करू नये. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, नवऱ्यानं सांगावं. आईला मुलानं सांगितलेलं बरं असतं.

तुम्हा दोघांसमोर दोन प्रामाणिक वाटा आहेत, आणि आपल्या मंडळीत दोन्हींना जागा आहे. हे पुष्कळांना माहीत नसतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यांत अँग्लिकन होते, मेथॉडिस्ट होते, आपल्या नगरकडच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्या युनायटेड चर्चमध्ये गेल्या होत्या ते होते, आणि बॅप्टिस्ट व ब्रदरनही होते. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका छपराखाली यायचे होते, त्यासाठी वर्षानुवर्षं बोलणी चालली. शेवटी असं ठरलं की बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली, ही एक वाट. बाळाचं समर्पण, म्हणजे पाण्याशिवाय प्रार्थनेनं त्याला देवाच्या हाती देणं, आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीनं बाप्तिस्मा ही दुसरी. कोणी कोणाला खोटं म्हणायचं नाही. ज्या वादात पूर्वी माणसं बुडवून मारली, त्याच वादातली दोन्ही माणसं नागपूरला एका मेजावर भाकर मोडायला बसली. आपल्या महाराष्ट्रात घडलेली ही गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये का शिकवत नाही, याचं मला कायम वाईट वाटतं.

मला विचारशील तर मी लेकीचा बाप्तिस्मा आता करीन. तिला काही कळत नाही, हेच मला त्याचं कारण वाटतं. तू तिला नाव दिलंस, दूध पाजलंस, तिच्याशी मराठी बोलायला लागलीस, तेव्हा तिची परवानगी घेतली नाहीस. मोठी होऊन ती ती भाषा बोलेल किंवा बोलणार नाही, दृढीकरणाच्या वेळी हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. ते स्वातंत्र्य तिचंच आहे. पण तिच्यावर प्रेम झालंय हे तिच्या समजण्याची वाट बघत थांबलं नाही, एवढं तिला तिच्या गोष्टीत सापडेल. तरीही तुझ्या मनातून समर्पणाची वाटच बरी वाटत असेल, तर ती घे आणि निर्धास्त राहा. दोघांनी मिळून ठरवा. पाळकसाहेबांना घरी बोलवा, सासूबाईंनाही बसवा, चहा करा आणि हे सगळं मोकळेपणानं बोला. नाताळाच्या आत व्हायलाच हवं असं काही नाही. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, हा तर बाप्तिस्म्याचा जुना मान्य दिवस.

धर्ममाता निवडताना केक कोण चांगला करतं हे बघू नका. तिच्यासाठी गुडघ्यावर कोण बसेल ते बघा. आणि त्या दिवशी एक लक्ष देऊन ऐक. पाळक फक्त तुम्हा दोघांनाच विचारत नाहीत, सगळ्या मंडळीलाही विचारतात की या लेकराला वाढवायला तुम्ही हातभार लावाल का, आणि सगळे उभे राहून हो म्हणतात. तुझ्यासाठीही नगरच्या मंडळीत लोक असेच उभे राहिले होते. त्यांच्यातले कितीतरी पप्पांच्या मातीलाही आले असतील.

प्रार्थना होत नाही म्हणतेस, तर सध्या करू नकोस. लेकीला मांडीवर घेऊन ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली पप्पांची आवडती गाणी नुसती गुणगुण. तिला प्रार्थनेतलं काही कळत नाही, तुलाही सध्या सुचत नाही, दोघी एकत्र बसा.

आणखी एक काम सांगते. नगरला जाशील तेव्हा मंडळीच्या कार्यालयात बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढायला सांग. तुझं नाव, तारीख आणि पालकांच्या रकान्यात तुझ्या पप्पांचं नाव असेल. त्या दिवशी तुला कवेत घेऊन उभे होते ते तेच. आईला विचार की तू रडलीस का, कोणता झगा घातला होता, कोण कोण आलं होतं. दाखल्याची एक प्रत मागून घे आणि तुझ्या पवित्र शास्त्रात ठेव. तारीख काय निघाली ते मला कळव. सासूबाईंना माझा सलाम सांग.

तुझी,
मावशी